पडसादाच्या पेटीचा सैल पट्टा

मित्रांनो, डोंगरात उभे राहून तुम्ही कधी हाक मारली असेल, तर समोरच्या कड्याने ती तुम्हाला परत दिली असेल. माझे काम त्या कड्याचे. मी पडसादाची पेटी आहे, आणि आता चांगलीच जुनी झाले आहे. गिटारचा सूर माझ्यात शिरला की तो माझ्या पोटात गोल फिरणाऱ्या फितीवर उमटतो. फीत थोडी पुढे सरकली की तोच सूर पुन्हा बाहेर येतो, जरा मऊ होऊन. एवढेच मला येते. पण एवढेच नीट येणारी मंडळी जगात फार नाहीत, असे मला आपले वाटते.

माझा जन्म इटलीतल्या एका समुद्रकाठच्या गावात झाला. तिथल्या लहानशा कारखान्यात ओर्नेला नावाची बाई मला जुळवत होती. तिने माझी मोटर आणि फीत फिरवणारे चाक यांच्यावर एक रबरी पट्टा चढवला, बोटाने ताणून पाहिला आणि समाधानाने मान हलवली. त्या पट्ट्याकडे लक्ष ठेवा. माझी सगळी गोष्ट त्यावरच फिरते.

जहाजातून मी ग्रीसला आले आणि योआनिना शहरातल्या वाद्यांच्या दुकानात काचेमागे बसले. तिथून मला स्ताथिसने उचलले. तो नुकताच लष्करातली सक्तीची नोकरी संपवून डोंगरातल्या आपल्या गावी, व्रिसोपेत्राला, परतला होता. त्याचा मेहुणा लाम्ब्रोस क्लॅरिनेट वाजवत असे. दोघांनी मिळून जत्रांमध्ये वाजवायला सुरुवात केली होती. सोबत एक व्हायोलिनवाला आणि एक डफवाला.

आमच्या डोंगरात जूनपासून सप्टेंबरपर्यंत गावोगाव जत्रा भरतात. सर्वांत मोठी मरियामातेची, ऑगस्टच्या मध्याला. चौकातल्या जुन्या चिनाराखाली चार खुर्च्या मांडतात आणि गाव त्या खुर्च्यांभोवती नाचते. आधी गेलेल्या माणसांसाठी एक विलाप वाजतो. तेव्हा कोणी हलत नाही. मग एकेका घराची पाळी लागते. त्या घरातले वडीलधारे माणूस, नाहीतर नवी नवरी, हातात रुमाल घेऊन रांगेच्या पुढे उभे राहते, आणि वाजवणाऱ्यांनी त्याच्या पायांकडे बघून वाजवायचे असते. पाळी एकदा झाली की पुढच्या वर्षीच मिळते. यावरून आमच्याकडे भावाभावांत बोलणे बंद झाले आहे.

माझ्या पहिल्याच जत्रेत आलेक्सो नावाची नवी नवरी रुमाल घेऊन पुढे आली. स्ताथिस तिच्या पावलांकडे बघत माझे गोल बटण हळूहळू फिरवत राहिला. आधी माझा पडसाद लवकर येई, मग उशिरा येई. मग एका जागी तो नेमका तिचे पाऊल जमिनीला टेकताना आला. आलेक्सोने मान वळवून आमच्याकडे पाहिले आणि हसली. त्या दिवशी स्ताथिसने ते बटण ईस्टरच्या मेणबत्तीचे मेण ओतून तिथेच पक्के केले. म्हणाला, आता हे कोणी हलवायचे नाही.

कोणी हलवलेही नाही. स्ताथिसचा हात माझ्या पडसादामागे जाई, लाम्ब्रोसचा श्वास स्ताथिसच्या हातामागे, आणि गावाचे पाय लाम्ब्रोसच्या मागे. किती नवऱ्या आल्या, किती म्हातारे रुमाल दुसऱ्याच्या हाती देऊन गेले. खालच्या गावातले लोक विचारत की तुमच्या गिटारमध्ये असे काय आहे. मी चिनाराखाली बसून ऐकत असे आणि मनातल्या मनात फुगत असे. हिवाळ्यात मला चुलीजवळ घोंगडीत गुंडाळून ठेवत. स्ताथिस मला तेल देई, धूळ पुसे, फीत झिजली की जुन्या रिळातली कापून नवी बसवी. पट्टा मात्र तोच राहिला. तसा पट्टा पुढे कुठे मिळेनासा झाला होता, आणि फीत फिरते आहे म्हणजे पट्टा ठीक आहे असे सगळ्यांनीच धरून चालले होते. मीसुद्धा.

माझा एक सोबती होता, तो म्हणजे आमचा जाडा अँप्लिफायर. माझ्यातून निघालेला सूर त्याच्या काचेच्या दिव्यांमधून तापून बाहेर पडे. तो नसता तर मी काहीच नव्हते. पण तो कपाटाएवढा जड, आणि व्रिसोपेत्राच्या चौकात गाडी जात नाही. दगडी पायऱ्या चढून जावे लागते. पूर्वी खेचर होते. खेचर गेले, तशी तरुण पोरेही जर्मनीला आणि अथेन्सला गेली. स्ताथिसने सगळा भार आपल्याच पाठीवर घेतला. शेवटी पाठीने हात टेकले. मणक्याचे ऑपरेशन झाले आणि डॉक्टरांनी त्याला बजावले की यापुढे ओझे उचलायचे नाही.

त्यात मागच्या जत्रेत माझी फीत ऐन नाचात तुटली होती. लाम्ब्रोस घरी आला आणि म्हणाला की मरियामातेच्या जत्रेपर्यंत तुझा आवाज चौकात चढला नाही, तर मला योआनिनाहून कीबोर्डवाला बोलवावा लागेल. तो रागाने बोलला नाही, म्हणूनच स्ताथिसला जास्त लागले. चार खुर्च्यांमधली एक त्याची होती. ती गेली तर त्याच्याकडे उरणार होती ती फक्त दुखरी पाठ.

तेव्हा त्याची मुलगी आरेती शहरातून आली. तिच्या पिशवीत एक काळी, चपटी पेटी होती. मॉडेलर म्हणतात तिला. पावाच्या लादीएवढी, पण शंभर अँप्लिफायरांची नक्कल तिच्या पोटात, आणि पडसाद तर किती तऱ्हेचे. थेट चौकातल्या स्पीकरना जोडायची की काम झाले. जत्रेआधीचे उपासाचे दिवस होते. स्वयंपाकघराच्या टेबलावर रानभाजी भरून भाजलेली पीता निवत होती, आणि तिच्या एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला ती. कानामागून आली आणि तिखट झाली म्हणतात, ती ही.

"बाबा, डॉक्टर काय म्हणाले? पाण्याची बादलीसुद्धा उचलायची नाही," आरेती म्हणाली.

"मी कुठे उचलतो? तो अँप्लिफायरच माझ्या पाठीवर येऊन बसतो. जुनी खोड आहे त्याची."

व्हायोलिनवाला पीता खायला म्हणून आला होता. त्याने नव्या पेटीभोवती एक फेरी मारली आणि हिच्यातून कॉफी कुठून येते असे विचारले. आरेतीने त्याला पीतेचा मोठा तुकडा देऊन गप्प केले.

स्ताथिसने सगळे करून पाहिले. अँप्लिफायरशिवाय नुसत्या मला स्पीकरला जोडले, तर आवाज सुक्या काड्या मोडल्यासारखा आला. मग नवी पेटी जोडली. तिचा आवाज खोटा असेल अशी माझी फार इच्छा होती. तो खोटा नव्हता. स्ताथिस डोळे मिटून वाजवत राहिला आणि मी त्याच्या चेहऱ्यावरून समजले. आरेतीने दोन्ही पेट्या एकत्र जोडून पाहू या असे सुचवले, तर तो नको म्हणाला. फीत पुन्हा नाचात तुटली तर लाम्ब्रोसला तोंड दाखवता येणार नाही, आणि दोन डगरींवर हात ठेवून वाजवता येत नाही. त्याने नवी निवडली.

"पडसाद मात्र हिच्यासारखाच पाहिजे. तेवढ्याच वेळाने आला पाहिजे," तो माझ्यावर हात ठेवून म्हणाला.

आरेतीने वाकून माझ्या मेण लावलेल्या बटणाचा आकडा वाचला आणि तोच आकडा नव्या पेटीत घातला. आकडा कसा खोटा असेल? कोणालाच शंका आली नाही.

जत्रेच्या दिवशी आरेतीने मलाही चौकात नेले. स्ताथिस म्हणाला होता, असू दे जवळ. जवळ म्हणजे खुर्चीखाली, वीज न लावता, त्याचा एक पाय माझ्यावर. इतक्या वर्षांच्या चाकरीनंतर मी पाट झाले होते. मित्रांनो, तेव्हा मला फार वाईट वाटले, ते मी लपवत नाही.

विलाप छान झाला. दुपार कलली, कोकराचा खमंग वास सुटला, आणि पाळ्या लागल्या. दोन घरे नाचून गेली. जरा धावपळीत नाचली, पण तरुण होती, हसून मोकळी झाली. मग आलेक्सो उठली, आता सगळ्या गावाची मावशी. आता तिचे केस पांढरे होते आणि गुडघ्यांना पट्ट्या होत्या. तिने रुमाल घेतला, एक पाऊल टाकले, दुसरे टाकले, आणि तिसऱ्याला अडखळली. पुन्हा सुरू केले, पुन्हा पाऊल चुकले. मागची रांग तिच्या अंगावर येऊ लागली. कोणीतरी ओरडून विचारले की स्ताथिसला बस गाठायची आहे का. आलेक्सो मावशी थांबली. तिने रुमाल नातीच्या हातात दिला आणि चौकाच्या कठड्यावर जाऊन बसली.

"माझे पाय गेले," ती शेजारणीला म्हणाली. तिचा आवाज अगदी साधा होता.

ती पाळी संपताच लाम्ब्रोसने क्लॅरिनेट खाली ठेवले. तो घामाने भिजला होता. त्याने स्ताथिसकडे न बघता सांगितले की आपला श्वास आता पुरत नाही. स्ताथिस म्हणाला, माझाही हात पोचत नाही, ऑपरेशनने काहीतरी बिघडले. मग लाम्ब्रोस म्हणाला की पुढच्या वर्षी कीबोर्डवाल्याला बोलावलेलेच बरे, आणि स्ताथिसने मान डोलावली. एका दुपारी तीन माणसांनी आपण संपलो असे मानून घेतले होते, आणि मी खुर्चीखाली मुकी बसले होते.

स्ताथिसने पाय काढला. खाली वाकायची त्याला बंदी होती, म्हणून त्याने आरेतीला हाक मारली.

"हिला वीज दे. घरी जायच्या आधी एकदा ऐकू दे."

आरेतीने गिटारची वायर दोन्ही पेट्यांना जोडली आणि मलाही स्पीकरला लावले. स्ताथिसने एकदाच छेडले. नव्या पेटीने उत्तर दिले. मग थोडी जागा रिकामी गेली, आणि त्यानंतर मी बोलले. त्याने पुन्हा छेडले. पुन्हा ती आधी, मी नंतर.

"ही मागे पडतेय, बाबा," आरेती म्हणाली. तिने माझे झाकण उघडून पट्ट्याला बोट लावले. पट्टा तिच्या बोटाबरोबर लोंबला. "सैल झालाय. हे एका दिवसात नाही होत. वर्षानुवर्षं हळूहळू होत आलं असणार."

मित्रांनो, मला ते तेव्हाच कळले. इतकी वर्षे मी थोडी थोडी मंद होत गेले होते, आणि स्वतःची मंद चाल स्वतःला ऐकू येत नाही. स्ताथिस माझ्यामागे मंद झाला, लाम्ब्रोस त्याच्यामागे. आणि गावाचे गुडघेही त्याच काळात म्हातारे होत होते, म्हणून कोणाचे पाऊल कधी चुकलेच नाही. नव्या पेटीत गेला तो आकडा मात्र मेण ओतले त्या दिवसाचा होता.

स्ताथिस कठड्याकडे बघत होता. आलेक्सो मावशी गुडघ्याची पट्टी सोडत होती.

"लाम्ब्रोस," तो म्हणाला, "तुझा श्वास ठीक आहे. माझा हातही ठीक आहे. आपण आज तरुणपणीच्या, आपल्या लग्नातल्या वेगाने वाजवत होतो."

लाम्ब्रोसने तोंड पुसायचा रुमाल डोळ्यांवर धरला, मग क्लॅरिनेट उचलले.

आरेती नव्या पेटीचा पडसाद मागे मागे सरकवू लागली. स्ताथिस छेडत होता, मी बोलत होते. दोन आवाज जवळ आले, एकमेकांना घासले, आणि मग एकच ऐकू आला. आरेतीने माझी वीज काढली. आवाज तसाच राहिला. माझे बोलणे आता सवतीच्या तोंडून येत होते, आणि मला राग आला नाही याचे माझे मलाच नवल वाटले.

स्ताथिस उठून कठड्यापाशी गेला. "मावशी, चूक तुमच्या पायांची नव्हती. पेटीची होती. चला."

"मला फसवू नकोस. पाय माझे आहेत, मला माहीत आहेत."

"मग मी आहे ना. तुमच्या पायांकडे बघत मी म्हातारा झालो."

पाळी तर होऊन गेली होती. पुढच्या घरातल्या म्हाताऱ्याच्या हातात रुमाल होता, आणि सगळा चौक त्याच्याकडे बघू लागला. त्याने तो रुमाल आलेक्सो मावशीच्या हातात ठेवला आणि स्वतः तिच्या मागे रांगेत उभा राहिला. स्ताथिसने छेडले. तिने एक पाऊल टाकले, आणि पडसाद तिच्या टाचेखाली येऊन पोचला. दुसरे टाकले, पुन्हा पोचला. तिने मान वळवून आमच्याकडे पाहिले. तीच ती, मेण ओतले त्या दिवशीची. ती इतका वेळ नाचली की शेवटी नातीलाच दम लागला. निघताना लाम्ब्रोसने चारही खुर्च्या एकावर एक ठेवल्या आणि स्ताथिसला सांगितले की पुढच्या वर्षी लवकर ये, कीबोर्डवाल्याला मी बोलावत नाही.

आता मी स्वयंपाकघराच्या फळीवर असते. नवी पेटी गावोगाव हिंडते. पण दर ऑगस्टमध्ये जत्रेआधी आरेती आम्हा दोघींना टेबलावर शेजारी बसवते आणि माझी वीज सुरू करते. मी बोलते, नवी ऐकते, आणि तिचा पडसाद आणखी थोडा मागे सरकतो. मागच्या हिवाळ्यात इटलीत कोणीतरी माझ्या मापाचा नवा पट्टा बनवून पाठवला. स्ताथिसने तो हातात घेऊन ताणून पाहिला, चांगला आहे म्हणाला, आणि खणात ठेवून दिला.

तेव्हा मित्रांनो, घरात नवे जरूर आणा. त्याच्यावर माझा आता काही राग नाही. फक्त जुन्याला बाहेर काढण्याआधी एकदा त्याला नव्याच्या शेजारी बसवून बोलू द्या. माझ्यावर धूळ साचली तर पुसा, तेल द्या, झिजली तर फीतही बदला. पण आलेक्सो मावशी रुमाल घेऊन उठते आहे, तोवर माझा पट्टा तेवढा बदलू नका.