अधरस्वामी वर जातात

सन अठ्ठावनच्या माघात मिठबावात सुकत घातलेल्या मासळीवरचे कावळे हाकलायलाही माणूस उरला नव्हता. सगळा गाव माडाच्या झापांच्या मांडवात, आणि मांडवात हिमालयातून आलेले अधरस्वामी! भगव्या पडद्यापुढे मांडी घालून बसायचे. ढोल घुमले की बसल्या मांडीचे सरळ वर. दोरी नाही, शिडी नाही! पुरुषभर उंचीवर थांबून म्हणायचे, "आम्ही वाऱ्यावर आसनस्थ आहोत. औषध घेणाऱ्याचा वारा आम्हांस सोसत नाही."

ह्या शेवटच्या वाक्यानं मथुराकाकीचं घर पेटलं होतं. तिची नात शेवंती पाच दिवस हिवतापानं फणफणत होती. देवगडचा डॉक्टर म्हणाला होता, घेऊन या. आणि काकीचा मुलगा गुरुदास पोरीला खांद्यावर टाकून रोज मांडवात!

"मेल्या, भरती आसा, होडी तयार आसा. चल देवगडाक!"

"आये, आज स्वामी तिच्यार हात ठेवतले. तुका काय कळाचा नाय. तू शिकलंस खंय?"

दुसरीपर्यंत शाळा पाहिलेल्या काकीला हे झोंबलं. ती तरातरा पुढे गेली आणि, पोरीवर हात ठेवून मोकळं करा एकदाचं म्हणत, पाच नारळ स्वामींच्या मांडीवर ठेवू लागली. शिष्य किंचाळला, "आत्ता नको! खाली उतरल्यावर! स्वामी निराहार, निर्भार वर जातात!"

काकी थबकली. वाऱ्यावर बसणाऱ्याला पाच नारळ जड?

ढोल सुरू झाले. त्यांच्या आडून तिला बारीक कुंई-कुंई ऐकू आली. शीड चढवताना डोलकाठीवरची कप्पी अशीच रडते. चाळीस वर्षं होडीवाल्याच्या घरात काढलेल्या बाईचा कान चुकेल होय? ती मांडवाला वळसा घालून मागे गेली.

खांबावर कप्पी, कप्पीवरून दोर. दोराच्या एका टोकाला लोखंडी दांडा, पडद्याच्या फटीतून पुढे गेलेला. दांड्यावर फळी, फळीवर स्वामी. दुसऱ्या टोकाला स्वामींच्याच वजनाचं वाळूचं पोतं. पोतं खाली येतंय, स्वामी वर जातायत, आणि एक मरतुकडा शिष्य दोन बोटांनी दोर ओढतोय.

"सरक," काकी म्हणाली, आणि पोत्यावर बसली.

काकी बसली की बाकडीसुद्धा देवाचं नाव घेत. पुढे स्वामी जे सुटले, ते झाप फोडून डोकं बाहेर! हिमालयातली भाषा तिथंच विरली. "अगे आये! मेलंय! माका खाली घेवा रे!"

कोणीतरी पडदा ओढला. पोतं, दोर, काकी, सगळं गावापुढे उघडं! मग आगबोटीवर नोकरी करून आलेला भाई पोट धरून हसत सुटला. "अरे, परदेशात मी असो पूल बगलंय! दोन्ही बाजूंक वजनां टांगलेली. बोट इली की वजनां खाली, रस्तो आडवोच्या आडवो वर! थंय कोण अंगारो वाटणा नाय!"

मांडवात हशाचा फटाका फुटला. गुरुदास मात्र पोरीला घेऊन मागे धावला. "आये, ऊठ गो."

"मी उठल्याशिवाय तुझो देव खाली येणा नाय. आणि शेवंती होडयेत बसल्याशिवाय मी उठूची नाय."

"पण आये, स्वामींची आज्ञा..."

झापांतून आज्ञा आली, "अरे घाल रे तिका होडयेत! बेगीन घाल!"

गुरुदास पळत सुटला. देवगडात रक्त तपासलं, गोळ्या मिळाल्या, आणि आठव्या दिवशी शेवंतीनं दोन वाडगे पेज मागून खाल्ली.

तेव्हा बायांनो, बाप्यांनो, काही वर जाताना दिसलं तर खुशाल टाळ्या वाजवा. पण हात जोडण्याआधी मागे जाऊन बघा, खाली काय येतंय ते. आणि तापाला औषध द्या.