खेळाच्या सदऱ्याची बाही

“याच्यापण बाह्या मनगटापर्यंत करा,” खेळाचा सदरा शिवणाच्या टेबलावर टाकत मुलगी म्हणाली.

मास्तरांनी चष्मा वर सरकवला. वरच्या मजल्यावरची ही चौदा वर्षांची मुलगी महिन्यापूर्वी शाळेचा सदराही असाच घेऊन आली होती. तेव्हा त्यांनी मनगटाला बसती पट्टी अशी काही लावून दिली, की हात कितीही वर केला तरी बाही सरकू नये. त्या कामावर ते दोन दिवस खूश होते.

“खेळताना कोण घालतं गं पूर्ण बाही?” काजं करत बसलेल्या त्यांच्या बायकोने विचारले. “उकडून निघशील!”

“मला चालतं, काकू.”

मास्तरांनी मापासाठी टेप लावली. मुलीने झटकन हात मागे घेतला, पण तेवढ्यात अंगातल्या कुर्त्याची सैल बाही वर गेली होती. हातावर व्रण होते. काही जुने, काही ताजे.

“मांजरानं ओरबाडलं,” ती म्हणाली.

चाळीस वर्षे लोक मास्तरांकडे काही ना काही झाकायलाच येत. सुटलेले पोट, उतरलेला खांदा. ‘का’ असे विचारायचे नाही, हा त्यांच्या धंद्याचा नियम. आज तो मोडावा की नाही, हे ठरवता ठरवता त्यांनी टेपची दोनदा गुंडाळी केली.

“बस जरा,” अखेर ते म्हणाले. “मी रागावत नाहीये. सांगावंसं वाटलं तर सांग. नाही वाटलं तरी बस.”

ती बसली. मग बायकोनेच हातातली सुई खाली ठेवली.

“जिवाचं काही बरंवाईट करावंसं वाटतं का गं तुला?”

असे थेट कुणी विचारते का, म्हणून मास्तर दचकले. मुलीचे खांदे मात्र सैल झाले.

“नाही, काकू. तसं नाही. आत नुसतं गच्च होतं. कुणाला सांगताच येत नाही.” ती थांबली. “आईला सांगू नका. शपथ घ्या.”

“शपथ नाही घेता येणार,” मास्तर म्हणाले. “पण तुझ्या पाठीमागे एक शब्द बोलणार नाही. तुझ्यासमोरच सांगू. हवं तर तू सांग, मी नुसता उभा राहतो.”

“मग राहू दे. नका शिवू!” सदरा ओढून घेत ती निघून गेली.

“झालं! बोलायला शिकलात, तेही नको तेव्हा,” बायको म्हणाली. मग लगेच, “बघत काय बसलात? जा की!”

मुलगी जिन्यातच बसली होती. मास्तर दोन पायऱ्या खाली बसले. “मीच सांगते. तुम्ही नुसते उभे राहा,” शेवटी ती म्हणाली. मग ती उठली आणि दोघे वर गेले.

आई कामाच्या पाळीवर निघायच्या तयारीत होती. मुलीने बाही वर केली. आई आधी पांढरी पडली, मग भडकली. “हे काय थेर आहेत? काय कमी केलं आम्ही तुला?”

“ताई,” मास्तर पुढे होत म्हणाले, “रागवायचं तर मला रागवा. ते झाकणारी बाही मी शिवली. तिनं तर आज दाखवलं.”

आई खाली बसली. तिने चपला काढल्या आणि कामावरच्या एका बाईला फोन करून आपली पाळी बदलून घेतली.

तिथून तिघे थेट दवाखान्यात गेले. डॉक्टरीणबाईंनी आधी मुलीला एकटीलाच आत बोलावले. बाहेर आई पदराचे टोक पिळत होती. “मी काय बोलू तिच्याशी, मास्तर?” मास्तरांना ते ठाऊक नव्हते, आणि त्यांनी तसेच सांगितले.

अर्ध्या तासाने दार किलकिले झाले. “आई, तूपण ये.”

दार लागले. बाकावर मास्तर एकटेच उरले. आता निघावे की थांबावे, हे त्यांना कळेना. नर्स कागद घेऊन आली. “आत आहे त्या मुलीचे तुम्ही कोण?”

“शिंपी.”

नर्सने कागदाकडे पाहिले, मग त्यांच्याकडे.

“बसा,” ती म्हणाली, आणि डोक्यावरचा पंखा लावून गेली.