नाव बदललंत का?

फर्गस कामाला वाघ आहे, पण वाचायचा त्याला भारी कंटाळा. त्या शुक्रवारी दुपारी मी त्याला एकच काम दिलं होतं. पेंग्विनच्या नोंदींच्या प्रोग्राममध्ये 'बर्ड' नावाचं मॉडेल होतं, म्हणजे डेटाबेसमधला मुख्य तक्ता. त्याचं नाव 'होइहो' करायचं, हे त्या पेंग्विनचं माओरी नाव. सोमवारपासून अल्बट्रॉसही नोंदवायचे होते, मग नुसतं 'बर्ड' म्हणून कसं भागणार?

नायरी चीज रोल घेऊन आल्या होत्या. सत्तरीच्या या बाई आठवडाभर द्वीपकल्पाच्या किनाऱ्यावर पिल्लांची वजनं करून थेट फोनवरून भरत होत्या. कागदावर काही नाही, आणि बॅकअप रविवारचा. पिल्लं एकदा समुद्रात गेली की परत वजनाला येत नाहीत.

"मायग्रेशनची फाइल तयार," डेटाबेस बदलणाऱ्या सूचनांची फाइल बनवून फर्गस म्हणाला. "चालवू?"

"नाव बदललंत का, असं विचारलं होतं प्रोग्रामने?"

"विचारलं काहीतरी. मी एंटर मारलं."

माझं डोकंच फिरलं. तिथे नुसतं एंटर दाबलं की उत्तर 'नाही' धरतात. मग नाव बदलत नाही, जुना तक्ता पुसून नवा रिकामा उभा राहतो. मी फाइल उघडली. "वाच. मोठ्याने."

"होइहो तयार करा. बर्ड..." त्याचे कान लाल झाले. "बर्ड पुसून टाका."

"रोवेना, माझी पिल्लं गेली का गं?" नायरींनी विचारलं.

"जातायत कुठे? फाइल अजून चालवलेली नाही. तुम्ही खा निवांत."

आधी ताजा बॅकअप घेतला. मग ती चुकीची फाइल उडवली आणि फर्गसलाच पुन्हा बनवायला लावली. या वेळी त्याने प्रश्न दोनदा वाचला आणि 'हो' म्हटलं. नव्या फाइलमध्ये एकच ओळ होती, नाव बदला. ती आधी नकलेवर चालवली, मग खऱ्या डेटाबेसवर. दहा वर्षं हेच करतेय.

नायरींनी माझ्या खुर्चीत बसून एका पिल्लाचं पान उघडलं. गुरुवार, पाच किलो दोनशे.

"आहे की सगळं," मी म्हणाले.

"हे सुरुवातीला फार अशक्त होतं. हाताने मासे भरवले त्याला. आज पहाटे समुद्रात गेलं, मला पोहोचायला उशीर झाला." त्यांनी आकड्यावर बोट ठेवलं. "काल माझ्या हातात एवढं होतं."