पाचवं सलाइन

बाबांनी मला आईबरोबर डॉक्टरांच्या खोलीत पाठवायला सुरुवात केली, ती शाळेच्या स्नेहसंमेलनानंतर. सूत्रसंचालन करणाऱ्या दर्पणचा घसा ऐन वेळी बसला आणि बाईंनी, मी समोर दिसले म्हणून, माझ्या हातात माईक कोंबला. त्याआधी मी हजेरीलासुद्धा पुटपुटायचे. त्या संध्याकाळी मात्र सगळा कार्यक्रम मी एकटीने ओढला. मध्ये लाइट गेली तेव्हा माईकशिवाय बोलले, पाहुण्यांचं आडनाव चुकलं तेही हसून सावरून घेतलं. नववीतल्या मुलीला एकदा आपला आवाज सापडला की ती थांबत नाही. घरात, नळावर, सातपाटीच्या एसटीत, मी सगळीकडे बोलत सुटले.

"मग तूच जात जा आत," बाबा म्हणाले. "माझी डाक्टरसमोर दातखीळ बसते. मी आपला बोटीवर बरा."

आईला मोठ्या आतड्याचा कॅन्सर झाला होता. गणपतीच्या आधी मुंबईला ऑपरेशन करून गाठ काढली, पण शेजारच्या दोन बारीक ग्रंथींमध्येही तो पोचलेला सापडला. म्हणून केमो. ती बोईसरच्या हॉस्पिटलात मिळायची. डॉक्टर प्रियदर्शिनी दर शनिवारी मुंबईहून तिथे यायच्या. तीन आठवड्यांनी एकदा सलाइन आणि मधल्या दिवसांत गोळ्या, असा तो हिशेब.

पहिल्याच भेटीत त्यांनी सगळं समजावून सांगितलं. "पूर्वी आम्ही सगळ्यांनाच आठ सलाइन द्यायचो. आता चार नक्की देऊ. पुढची द्यायची की नाही ते तुमच्या हातापायांकडे बघून ठरवू, कारण हे औषध नसांना त्रास देतं. आणि हो, गार काही सोसणार नाही. थंड पाणी पिऊ नका, बर्फाला हात लावू नका."

मी आईकडे बघितलं, आईने माझ्याकडे, आणि आम्हा दोघींना हसूच फुटलं. डॉक्टरांना कळेना.

"ती मासळी विकते, मॅडम," मी म्हटलं. "पालघरच्या बाजारात. दिवसभर हात बर्फातच."

डॉक्टर हसल्या नाहीत.

पहिल्या सलाइननंतर दोन दिवसांनी आईने फ्रिजमधून चटणीची वाटी काढली आणि हातातून टाकूनच दिली. बोटांतून करंट गेला म्हणाली. मग पालघर स्टेशनबाहेर थंडीत स्वेटरवाले बसतात त्यांच्याकडून मी तिला लोकरीचे हातमोजे आणले. त्यावर रबरी मोजे. सलाइननंतर थोडे दिवस ती घरी बसायची आणि बरं वाटलं की हा सगळा थाट चढवून बाजारात. शेजारी बसणाऱ्या गोजरामावशी तिच्या पाटीत बर्फ टाकून द्यायच्या आणि फुकट टाकायच्या नाहीत.

"काश्मीरला चालली काय गो दीपिका? आमाला पन ने."

"तू बर्फ टाक. उरला तर जिभेवर ठेव तुझ्या."

पण याच गोजरामावशींनी आईच्या डोक्यात एक किडा सोडला. त्यांच्या दिराला काही वर्षांपूर्वी असाच कॅन्सर झाला होता. "त्याला आठ दिलेले," त्या म्हणायच्या. "आज बघ, जाळी शिवत बसलाय जेटीवर. तुला चारच का? आपल्याला अडाणी बघून कमी देत नसतील ना?" आई ऐकत राहायची.

तिसऱ्या सलाइननंतर झिणझिण्या कमी झाल्या. आई खूश झाली, मीही झाले. गारव्याचा करंट गेला म्हणजे हात बरे झाले, असं आम्ही दोघींनी ठरवूनच टाकलं. मग एकदा ती एसटी स्टँडवरून घरी आली ती एकाच चपलेवर. दुसरी कुठे निसटली ते तिला माहीतच नव्हतं. मी इतकी हसले त्या दिवशी, की ती पण हसली.

चौथं सलाइन होऊन गेलं होतं. पाचव्याच्या आधीच्या रविवारी मी बाजारात तिच्या मागे बसले होते. कोयता नीट धरता यावा म्हणून तिने मोजे काढून ठेवले होते आणि सुरमईचे तुकडे करत होती. समोर नेहमीच्या एक बाई, कलेक्टर ऑफिसात आहेत त्या, पिशवी उघडून उभ्या. अचानक त्या म्हणाल्या, "नको, राहू दे आज," आणि मागे सरकून निघून गेल्या.

मी वाकून बघितलं. बर्फ लाल होत चालला होता. मला आधी वाटलं सुरमईचं रक्त, पण मासळी तर सकाळीच धुतलेली. आणि हे ठिबकत होतं.

"आई, बोट कापलंय तुझं."

"कुठं गो?" म्हणत ती दुसराच हात उलटापालटा करून बघायला लागली.

डाव्या हाताच्या मधल्या बोटाला पेरभर चीर गेली होती. मी तो हात धरून तिच्या डोळ्यांसमोर आणला तेव्हा तिला कळलं, आणि तेही दिसलं म्हणून. ती घाबरली नाही. तिने पटकन इकडेतिकडे बघितलं, कुणी पाहिलं तर नाही ना म्हणून.

समोरच्या मेडिकलमधून मी पट्टी आणली. मी ती गुंडाळत असताना आई खालच्या आवाजात म्हणाली, "शनिवारी इचारतील. कापलं सांग. कळलं नाय ते सांगू नको."

"तुला कधीपासून कळत नाय?"

"मुंग्या इचारल्या तर थोड्या म्हणायचं."

"आई, मी काय विचारलं?"

तिने बऱ्या हाताने बर्फाचा चुरा उचलला. मोजा नाही, काही नाही, आणि तोंडावर एक रेघ हलली नाही. "हे बघ. बर्फ वाचवायला गेलं, वरवर टाकला, की दुपारी मासळी नरम पडते आणि संध्याकाळी वास मारते. बर्फ जास्त झाला म्हणून कधी मासळी नासली बघितलीस? औषधाचं तेच हाय. डाक्टर हात बघून ठरवणार ना? मग हात चांगले हायत माझे. आठ म्हणजे आठ घेणार मी. बोटांचं काय एवढं. तुझी बारावी बघायचीय मला, कालेज बघायचंय."

"पण आई…"

"माझ्या गळ्याला हात लाव. लाव आधी."

मी लावला. काय करणार होते? गळ्याची शपथ मोडली की ज्याच्या गळ्याला हात लावला त्याचं काय होतं, हे आमच्या आळीत लहान पोरांनाही माहीत असतं. मला विज्ञानात पैकीच्या पैकी पडतात आणि मी अशा गोष्टी मानत नाही. तरी हात मागे घेताना तो माझा मलाच जड लागला.

तो आठवडा मी मोबाइलवर वाचत काढला. जे वाचलं त्याने झोप उडाली. हे औषध साठत जातं. वेळेत थांबवलं नाही तर बधिरपणा कायमचाही राहतो. त्यात पांढऱ्या पेशी कमी झालेल्या असल्या तर साधी जखमही चिघळू शकते. पण पुढच्याच ओळीत कॅन्सर परत येण्याची टक्केवारी असायची, आणि मग मला आईचंच पटायला लागायचं. शपथ बाजूला ठेवली तरी मला खरंच ठरवता येत नव्हतं.

शनिवारी बोईसरला गेलो. आईने पट्टीचा हात पदराखाली घेतला होता. केरळच्या सिस्टरनी नेहमीसारखं विचारलं, "अम्मा, हाथ-पैर में झुनझुनी?"

"थोडा थोडा," आई म्हणाली.

डॉक्टरांनी फाइलवरून वर बघितलं. "उन्नती, तू सांग. रक्ताचे रिपोर्ट ठीक आहेत. हातांचं काय? घरात काही सांडतं, पडतं?"

आई माझ्याकडे बघत होती. रागाने बघितलं असतं तर मला सोपं गेलं असतं. ती विनवत होती.

"थोड्या मुंग्या येतात," मी म्हटलं. माझा तो नवा, खणखणीत आवाज. जराही अडखळला नाही.

"बरं. मग पाचवं देऊ या," म्हणत डॉक्टरांनी सही केली.

सलाइनची पिशवी स्टँडला लागली. शुगर बघायला सिस्टरनी आईच्या बोटाच्या टोकाला सुई टोचली. आता आई म्हणजे कशी, तर सुई दिसली की आधीच "अगं आई गं" करणारी, सिस्टरच्या सात पिढ्या काढणारी. आज ती खिडकीबाहेर बघत होती. बोटावर रक्ताचा थेंब उभा राहिला, सिस्टरनी तो शुगरच्या पट्टीवर घेतला, कापूस लावला.

आई वळून म्हणाली, "टोचा ना आता. किती वेळ?"

मी वळले. डॉक्टर शेजारच्या खाटेवरचा पेशंट तपासत होत्या.

"मॅडम," मी म्हटलं, "मी खोटं बोलले." आणि मग जे तोंड सुटलं ते सुटलंच. सुरमई, कोयता, लाल बर्फ, एक चप्पल, आत्ताची सुई, गोजरामावशींचा दीर, सगळं. मागचं पुढं, पुढचं मागं. पदराखालचा हातही मीच ओढून बाहेर काढला.

आई फक्त "उन्नती" म्हणाली. मग जरा वेळाने, माझ्याकडे न बघता, "गळ्याला हात लावलेलास तू."

डॉक्टरांनी पट्टी सोडून जखम बघितली. आईला डोळे मिटायला सांगून कापूस, टाचणी, काय काय बोटांवरून फिरवलं. तळपायांवरूनही. मग खुर्ची ओढून तिच्यासमोर बसल्या.

"दीपिकाताई, हे सलाइन आता बंद. आजचंही नाही, पुढचीही नाहीत."

"मग गोळ्या?"

"त्याही नाहीत. तुमचा कोर्स झाला."

मी आईला ऑपरेशनच्या आधीसुद्धा रडताना पाहिलं नव्हतं. आता तिने पदर डोळ्यांना लावला. "म्हणजे काहीच नाय? असंच सोडणार मला?"

"सोडत नाही. ऐका. तुमच्यासारख्या, एक ते तीन ग्रंथींत पोचलेल्या पेशंटचा बऱ्याच देशांत मिळून अभ्यास झाला. हजारो माणसं होती त्यात. काहींना सहा महिने औषध दिलं, काहींना तीन. कॅन्सर परत येण्याचं प्रमाण जवळजवळ सारखं निघालं. हातापायांचं नुकसान मात्र सहा महिनेवाल्यांचं कितीतरी जास्त. म्हणून मी आधी चार म्हटलं होतं. कमी द्यायचं म्हणून नाही."

"जवळजवळ," आई म्हणाली.

"हो. थोडासा फरक आहे. फार थोडा."

"त्या थोड्यात मी असले तर?"

डॉक्टरांनी खोटा धीर दिला नाही. मला त्या तेव्हा आवडल्या आणि त्यांचा रागही आला. "ते आज कुणालाच सांगता येणार नाही, ताई."

मी मध्येच घुसले. "मॅडम, रक्तात ट्यूमरचा डीएनए शोधतात ना? मी वाचलंय. त्यावरून कळेल ना, आत काही उरलंय का?"

"बरोबर वाचलंयस. त्यावर जोरात काम चाललंय. पण अजून त्या तपासणीच्या भरवशावर मी कुणाचं औषध थांबवत नाही की वाढवत नाही. आपण दर तीन महिन्यांनी रक्त तपासू, एप्रिलमध्ये सीटी करू. काही दिसलं तर लवकर दिसेल." मग आईला म्हणाल्या, "बोटांची जाणीव थोडी परत येईल, वेळ लागेल. सगळी येईलच असं मी म्हणणार नाही."

सिस्टरनी स्टँडवरून पिशवी काढली. पिशवी खोलीबाहेर जाईपर्यंत आई तिच्याकडे बघत होती.

पालघरच्या एसटीत माझ्या शेजारची जागा मोकळी असून ती पुढे जाऊन बसली. मी तिच्या अंबाड्याकडे बघत आले. ज्या तोंडाचा मला एवढा गर्व होता, ते पूर्ण रस्ता मिटलेलं होतं.

घरी पोचतो तर बाबा बोटीवरून आलेले, आणि गोजरामावशी पेज घेऊन हजर. आई बसते न बसते तोच मावशी सुरू.

"पाचवं झालं? त्रास हाय काय?"

"बंद केलं."

"बंद? कुणी बंद केलं?" मावशींनी पेजेचं भांडं दाणकन ठेवलं. "माझ्या दिराला आठ…"

बाबा माझ्याकडे वळले. "तू आत होतीस ना? काय बोललीस तू तिथं? आँ? जास्त शहाणपणा केलास काय?"

मी तोंड उघडलं. सांगणारच होते.

"ती कशाला बोलेल?" आई म्हणाली. "मी सांगितलं. हात गेले माझे, सुई टोचलेली कळत नाय. मीच म्हटलं डाक्टरला, आता पुरे."

"आनि उद्या परत उलटलं तर?" मावशी म्हणाल्या.

"तर माझं मी बघीन. तू पेज आणलीस ना, ती वाढ."

बाबा उठून बाहेर ओट्यावर गेले. मावशी बराच वेळ देवाची नावं घेत बसल्या आणि शेवटी घरी गेल्या. मी आईसमोर पेजेची वाटी ठेवली. तिने ती दोन्ही तळव्यांत धरली. बोटांवर आता तिचा विश्वास नव्हता.

"असं का सांगितलंस?" मी विचारलं.

"मग काय करू? आख्खी आळी तुला फाडून खाईल, काही झालं तर. पोरीनं बंद केलं म्हणतील. जन्मभर म्हणतील." ती पेज फुंकत राहिली. "माझ्यावर आलं तर माझं मी निस्तरीन. असले तर."

मला रडू येत होतं, पण तिला ते चाललं नसतं.

"अजून राग आहे तुला?"

"हाय ना. लई हाय." तिने एक घोट घेतला. "एप्रिलात त्या सीटीला आत तूच ये. बाप नको. आणि रिपोर्टात काय असेल ते आधी मला सांगायचं. थोडंबिडं नाय. सगळं."

मी हो म्हटलं. एप्रिल अजून लांब आहे. पण त्या दिवसापासून मी तिला सांगायचं ते वाक्य जुळवत बसते, दोन्ही बाजूंनी, चांगलं निघालं तर आणि वाईट निघालं तर, आणि दुसऱ्याचा पहिला शब्दसुद्धा मला सुचत नाही.