हनुवटी वर, हसू नका

चर्चचं टेबल चौकातून हललं नाही. हे वाक्य मी लिहिलं नाही आणि तुम्ही वाचलं नाही. टेबल राहणार की जाणार हे आपल्याला अजून माहीत नाही, आणि मामा कॅमेऱ्याची पिशवी खांद्याला लावून चौकात उभा आहे.

चौक शहराच्या ऐन मध्यात. एका बाजूला बँक, दुसऱ्या बाजूला बुटांचं दुकान. इथल्या लोकांचा देवावर राग नाही. त्यांना फक्त उशीर झालेला असतो. टेबलावर चहाचा थर्मास, पुढे रिकामी खुर्ची आणि पाटी: 'बसा. आम्ही ऐकतो.' कल्पना मामीची. चर्चला ती जायची, मामा दारापर्यंत सोडायचा. मामी देवाघरी गेली तेव्हापासून टेबलामागे चर्चच्या पाळकबाई बसतात आणि खुर्चीवर कबुतरं.

चर्चच्या वरच्या कार्यालयाने कळवलं होतं: खुर्चीत बसलेला माणूस फोटोत दाखवा, नाहीतर टेबल उचला. मामा म्हणाला, "तिचं टेबल आहे," आणि आपल्या फोटो स्टुडिओला कुलूप घातलं. मी त्याची भाची, फोटोतल्या गिऱ्हाइकांच्या कपाळाची चमक पुसणारी, म्हणून सोबत.

अडचण एकच. मामाने जन्मभर पासपोर्टचेच फोटो काढलेत. सवयीने त्याने खुर्चीमागे पांढरी चादर टांगली. टेबल, पाटी, चर्चची सगळी खूण चादरीआड. मग समोरून निघालेल्या टायवाल्याला म्हणाला, "बसा. कान दिसू द्या."

तो बसला! देवाला जो थांबवता आला नाही, तो कानांसाठी थांबला. त्याच्यामागे एक नर्स उभी राहिली, आणि रांग कसली आहे हे बघायला आणखी चौघं. रांगेने बुटांच्या दुकानाला वळसा घातला. दुकानदार भांडायला बाहेर आला आणि भांडता भांडता नंबर लावून मोकळा झाला. पाळकबाई चहा वाटत धावत होत्या.

मामा उजेड जमवत होता तेवढ्यात टायवाला, हनुवटी वर, नजर समोर, म्हणाला, "नोकरी गेलीये. घरी सांगितलं नाही अजून. रोज तयार होऊन इथंच फिरतो."

"बोला," मामा म्हणाला, "फक्त मान हलवू नका."

पाळकबाईंनी थर्मास माझ्या हातात कोंबला आणि स्टूल ओढून त्याच्याशेजारी बसल्या. मग नर्स बोलली. मग दुकानदार तर थांबेचना. हाही पासपोर्टच्या नियमातलाच भाग असावा, अशी रांगेची समजूत झाली होती.

रांग संपल्यावर मी फोटो बघितले. पांढऱ्या पडद्यावर गंभीर चेहरे, सगळ्यांचे कान स्वच्छ. चर्चने शहरभरचे आरोपी पकडलेत असं वाटावं. टेबलाचा पायसुद्धा कुठे नव्हता.

मामा खुर्चीत बसला. पाळकबाईंनी स्टूल जवळ ओढलं.

"ती असती," मामा म्हणाला, "तर म्हणाली असती, अहो, आधी ती चादर काढा."

मी चादर काढली. मागून टेबल निघालं, पाटी निघाली, आणि मामीच्या हातची अक्षरं बघून मामा इतका हसला की डोळे वाहायला लागले. मी बटण दाबलं.

तोच फोटो वर गेला. सोबतचा मजकूर माझा:

'सदर फोटोतील इसम हसत असून त्याचे डोळे मिटलेले व एक कान गायब आहे. तरी फोटो ग्राह्य धरावा. तसेच याची एक प्रत सदर टेबलाच्या मूळ संचालिका यांस त्यांच्या सध्याच्या पत्त्यावर पाठवावी. पत्ता आपल्या कार्यालयास ठाऊक असेलच. कळावे, ही नम्र विनंती.'