नाथाजीच्या बरानकोटाची कैफियत

मी एक जुना बरानकोट आहे. पलटणीतला, खाकी, जाड लोकरीचा, गुडघ्याखाली पोचणारा. मित्रांनो, हसू नका. आज मला कसर लागली आहे, एक बाही उसवली आहे. पण एके काळी नाथाजी मला घालून निघाला की पलूसच्या बाजारात लोक वाट सोडायचे. हे सांगताना मला अजून बरं वाटतं, आणि लाजही वाटते.

पहिल्या महायुद्धात सरकारनं मला नाथाजीच्या अंगावर चढवलं. इराकात, बसऱ्याच्या थंडीत मी त्याला ऊब दिली. लढाई संपली, तो दोन बिल्ले मिळवून गावी आला आणि मीही आलो. मग मी उसाच्या रानात गेलो, नुकत्याच जन्मलेल्या वासरावर पसरलो, लेक जोतीराम तापानं फणफणला तेव्हा त्याचं पांघरूण झालो. वासराचा वास मला मुळीच आवडला नव्हता, पण कामाला मी कधी नाही म्हटलं नाही. पुढे जोतीरामही पलटणीत गेला. सरकार आपल्या शिपायाला विसरत नाही, असं नाथाजी छातीठोक सांगायचा आणि गाव ते खरं धरायचं.

बेचाळीसच्या भाद्रपदात तालुक्याच्या कचेरीवर मोर्चा निघाला. हातात काठीसुद्धा घ्यायची नाही, कचेरीवर तिरंगा लावायचा आणि परत यायचं, एवढंच ठरलं होतं. तरी लोक कचरत होते. तेव्हा नाथाजी पुढे झाला. त्यानं मला खुंटीवरून काढलं आणि बिल्ले लावले. एवढ्या उन्हात बरानकोट घालून उकडून घ्यायचंय का, असं बायको हरणाबाईनं विचारलं. साहेबाला आपला माणूस ओळखू यायला नको का, असं त्यानं उलट विचारलं. जोतीराम रजेवर आला होता, चार दिवसांनी त्याला पलटणीत परतायचं होतं. त्याला मात्र बापानं दम देऊन घरीच ठेवलं. चाळीसेक माणसं निघाली ती नाथाजीच्या भरवशावर. खरं तर माझ्याच.

कचेरीपुढे पोलीस बंदुका घेऊन रांगेत उभे होते. नाथाजी पुढे गेला, टाचा जुळवल्या आणि कडक सलाम ठोकला. घोड्यावरच्या साहेबानं बिल्ल्यांकडे पाहिलं आणि सलामाला सलाम दिला. मी केवढा फुगलो म्हणून सांगू! नाथाजीला वाटलं, झालं काम. तो मागे वळून म्हणाला, "बसा समदी. सायबानं वळकलंया आपल्याला. आता काय भ्या न्हाई."

माणसं चिखलातच मांडी घालून बसली. शेजारच्या साळूबाईचा एकुलता लेक गुंडा सगळ्यांत पुढे होता, मांडीवर झेंडा आडवा घेऊन. साहेबानं शिट्टी फुंकली आणि बंदुका सुटल्या. मांडी घातलेल्या माणसाला उठून पळायला किती वेळ लागतो, करून बघा कधी. ज्यांना जमलं ते पळाले. गुंडा उठलाच नाही. आणखी दोघंही जागीच मेले. नाथाजीला ओरखडासुद्धा आला नाही. त्यानं मला अंगातून काढून गुंडावर पांघरलं. मी इतका जाड, इतका दणकट, पण ते रक्त काही माझ्यानं थांबलं नाही.

चौथ्या दिवशी जोतीरामनं ट्रंक भरली नाही. सरकारशी लढायला भूमिगत होऊन उसात लपलेल्या पोरांकडे जातो म्हणाला. बाप दारात आडवा उभा राहिला. आधी खाली बस, मग बोलू, असं पुन्हा पुन्हा म्हणू लागला. तेवढ्यात साळूबाई मला घेऊन आली. तिनं मला ओढ्यावर दोनदा धुतलं होतं, तरी डाग गेला नव्हता. तिनं मला हरणाबाईच्या हातात दिलं आणि आवाज न चढवता नाथाजीला म्हणाली, "भावजी, आता कुणाला बसा म्हनू नगा."

नाथाजी दारातून बाजूला झाला. जोतीरामनं मला खांद्यावर टाकलं आणि आम्ही गेलो.

मोर्चाला भिऊन घरात बसलेल्यांचीच पोरं आठवडाभरात आमच्यात येऊन मिळाली. कचेरीतल्या शिपायालाही रावसाहेब म्हणणारी माणसं आता कचेरीची पायरी चढेनात. भांडणतंटे गावातच मिटवू लागली, आमचं सरकार आम्हीच म्हणू लागली. तीन माणसं मारली की तालुका गप्प होईल, असं साहेबाला वाटलं होतं. झालं उलटंच. मला आनंद व्हायला हवा होता, नाही का? पण उसात काकडणाऱ्या पोरांवर मी पाळीपाळीनं पडायचो, आणि आज माझ्याखाली निजलेलं पोर उद्या परत यायचंच असं नव्हतं. मी पडलो कोट. मी काय करणार?

जोतीराम सेहेचाळीसला घरी आला. उजवा हात निकामी झाला होता, पण जिवंत आला. पुढच्या वर्षी कचेरीवर तिरंगा लागला. गावानं जोतीरामला हार घातला, मलाही घातला, माझ्यावरचा डाग मुलांना दाखवला. नाथाजी तिकडे फिरकला नाही.

आता तो म्हातारा झाला आहे. पहाटे नुसत्या सदऱ्यावर गोठ्यात जातो, परत येतो तेव्हा त्याचे दात वाजत असतात. मला हात लावत नाही. मित्रांनो, मला खुंटीवरून स्वतःहून उतरता येत नाही, नाहीतर मी कधीच त्याच्या अंगावर गेलो असतो. तुमच्यापैकी कुणी आमच्या दारावरून शाळेला जात असेल, तर जरा आत या. मला झटका, बाहीला दोन टाके घाला आणि मला त्याच्या खांद्यावर टाका. तो नको म्हणेल. तरी टाका.