आवाज न करणारी गोळी

"एवढीशी तुझी बंदूक, आणि त्यात ही घालून तू काय डुकराला गुदगुल्या करणार?" टेरेल म्हणाला.

टेबलावर काडतुसांच्या दोन डब्या होत्या. एकीत हलक्या, वेगानं सुटणाऱ्या गोळ्या. दुसरीत जड, संथ. ओझेलचा हात दुसऱ्या डबीवर होता आणि तो काही केल्या हलत नव्हता.

टेरेल हा त्याचा मावसभाऊ. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये स्वतःच्या हातानं काडतुसं भरायचा, आणि विलो फोर्क गावातलं कुणीही शिकारीला निघालं की आधी त्याच्या शेडची पायरी चढायचं. "नीट ऐक," तो म्हणाला. "आखूड नळीत गोळीला वेग धरायला जागाच नसते. त्यात ही मुळातच संथ. आवाज होत नाही, कबूल. पण आत शिरल्यावर गोळी फुलायला हवी ना? ही फुलत नाही. कापडातून सुई जावी तशी आरपार जाते, आणि डुक्कर पळतं ते पळतंच."

"कानामागं घातली की झालं."

"कानामागं घातली तर दगडानंही मरेल, डीकनसाहेब! पण डुकराचा कान तुझ्यासाठी थांबतो का?"

"ती हलकी गोळी चाबकासारखी कडाडते," ओझेल म्हणाला. "नळीवर आवाज दाबणारं नळकांडं लावलं तरी कडाडते. चर्चच्या खिडक्या उघड्या असणार. आत रेव्हरंड लॅटिमर बोलत असणार."

"मग उद्या पहाटे जा. पहाटे कोण बोलतंय तिथं?"

रविवारी गावभेट होती. गाव सोडून गेलेली लेकरं दरवर्षीप्रमाणे ह्यूस्टनहून, डॅलसहून यायची, आजी-आजोबांच्या थडग्यांवर फुलं ठेवायची. आणि इकडे रानडुकरांनी चर्चशेजारची दफनभूमी नांगरल्यासारखी करून ठेवलेली. ओझेल चर्चचा डीकन, म्हणजे सेवक; म्हणून सभेनं डुकरं मारायचं काम त्याच्यावर सोपवलं होतं, तेही आठवड्याभरापूर्वी. पहाटेही जाता आलं असतं. पण चर्चमध्ये श्रद्धा जागवण्याचा प्रार्थना-सप्ताह चालू होता, आजची त्याची तिसरी संध्याकाळ होती, आणि लॅटिमर बायबलातलं वाळलेल्या हाडांच्या खोऱ्याचं, मेलेली हाडं पुन्हा उठतात ते, प्रवचन गाणार होते. दफनभूमीच्या कुंपणाशी बसलं की त्याचा शब्द न शब्द ऐकू येतो. डुक्करही मिळेल आणि प्रवचनही, हा त्याचा हिशेब. तो काही टेरेलला सांगण्यासारखा नव्हता.

त्यानं जड गोळ्या उचलल्या. टेरेलनं दुसरी डबी गुपचूप त्याच्या खिशात कोंबली. "असू दे. ओझं होत नाही तुला."

संध्याकाळी ओझेल देवदाराच्या झाडाआड बसला. लॅटिमरांनी आधी साधं बोलायला सुरुवात केली, शेजाऱ्याशी बोलावं तसं. मग वाक्याच्या शेवटी आवाज जरासा लांबू लागला. ऑर्गननं त्या लांबलेल्या आवाजाखाली हळूच हात दिला. आतली माणसं "बोला, बोला" म्हणू लागली. आणि बोलता बोलता बोलणं कुठं संपलं, गाणं कुठं सुरू झालं, कळलंच नाही. ओझेलचा पाय गवतावर ताल धरू लागला. अंगावर काटा आला.

तेवढ्यात डुकरं आली. पुढं एक थोराड मादी. तिनं सरळ टार्प्ली म्हाताऱ्याच्या थडग्याच्या मातीत नाक खुपसलं. ओझेलनं बंदूक खांद्याला लावली. कान दिसत होता. आत लॅटिमर एकेक हाड हाडाला जोडत चढत होते, आणि सूर आभाळाला टेकला त्याच क्षणी ओझेलनं घोडा दाबला.

पुस्तक मिटावं एवढाच आवाज झाला. मादीनं मान हलवली होती. गोळी खांद्यात गेली. ती किंचाळली, कोसळली, उठली आणि तीन पायांवर ओढ्याच्या झाडीत घुसली. गवतावर रक्ताची ओळ उमटली.

जखमी जनावर सोडून घरी यायचं नाही, हे विलो फोर्कमध्ये कुणाला शिकवावं लागत नाही. उजेड अजून बराच होता. ओझेल दोन पावलं झाडीकडं गेला. मागून चर्चमधून माणसांचा गजर उठला. हाडांवर आता मांस चढत होतं. 'थोडं पुढं जाऊन पडेल आपोआप,' त्यानं मनाला सांगितलं. बंदूक गाडीत ठेवली, नळावर हात धुतले आणि आत गेला.

वेल्मामायच्या शेजारी जागा होती. टार्प्ली म्हाताऱ्याची ही विधवा. सगळं चर्च तिला माय म्हणे. तिनं कानाशी वाकून विचारलं, "मिळालं का रे?"

लागलंय म्हटलं असतं तर चार पुरुष उठले असते, बंदुका आणल्या असत्या, प्रवचन मोडलं असतं.

"नेम चुकला, माय."

"असू दे. देवानं उद्याचा दिवसही दिलाय." तिनं त्याच्या हातावर थोपटलं. ज्याच्यासाठी सगळं केलं ते प्रवचन आता त्याच्या पुढ्यात होतं. सूर कानावर पडत होता, आत शिरत नव्हता. सगळे आमेन म्हणाले की तोही आमेन म्हणत होता.

सकाळी वेल्मामायचा फोन आला. "ये बाबा लवकर. पेपरला डुकरानं फाडलं."

पेपर म्हणजे तिचा पिवळा कुत्रा. नवरा गेल्यापासून घरात तेवढीच एक हालचाल होती. ओझेल पोचला तेव्हा तिनं त्याला ओसरीवर गोधडीवर ठेवलं होतं आणि डोळे मिटून दिले होते.

"लंगडं डुक्कर होतं," ती म्हणाली. "माझ्या भाजीत येऊन पडलं. याच्यानं बघवेना, गेला अंगावर. डुकराचा खांदा सुजलेला. कुणीतरी गोळी घालून तसंच सोडलं बघ. असली कसली माणसं, ओझेल? अख्खी रात्र तळमळलं असेल ते."

ओझेलनं बंदुकीत टेरेलच्या डबीतल्या हलक्या गोळ्या भरल्या आणि परसाच्या टोकाला गेला. मादी रानआलुबुखारांच्या जाळीत चिखलात पडली होती, धापा टाकत. खांद्यावर पेन्सिलीएवढं भोक. तिनं त्याच्याकडं पाहिलं, उठायचा प्रयत्न केला, जमलं नाही. त्यानं कानाच्या मागे गोळी घातली. आवाज अख्ख्या वस्तीत घुमला, आणि ती जागच्या जागी थंड झाली. इतकं सोपं होतं.

तो परतला तेव्हा वेल्मामाय कुत्र्यापाशी बसून प्रार्थना करत होती. "प्रभू, ज्या कुणी हे केलं त्याचं काळीज मऊ कर. त्याला माहीत नसेल, बिचाऱ्याला."

एवढं त्याला सोसवेना. तो टोपी काढून पायरीखाली उभा राहिला.

"त्याला माहीत होतं, माय. मीच तो. काल लागली होती गोळी. मी मागं गेलो नाही."

मायचा हात कुत्र्याच्या पाठीवर तसाच राहिला.

"आणि मग माझ्याशेजारी येऊन बसलास?"

"हो."

"आमेन म्हणालास."

"हो, माय."

"ते प्रवचन तरी ऐकू आलं का तुला?"

ओझेलनं मान हलवली. नाही. त्याला वाटलं होतं ती शिव्या घालेल. तेवढ्याची तयारी करून आला होता. तिनं फक्त आपल्या झग्याच्या टोकानं चष्मा पुसला आणि पुन्हा लावला, जणू त्याला नीट पाहून घ्यायचं होतं.

"फावडं गोठ्यात आहे," ती म्हणाली. "गोधडीसकट ठेव त्याला."

त्यानं खड्डा खणला. कुत्रा उचलला, वाटला होता त्याहून जड निघाला. माती लोटून झाली तेव्हा ती ओसरीच्या दारात उभी होती.

"संध्याकाळी चर्चला ये तू," ती म्हणाली. "येऊ नको असं मी कुणालाच म्हणणार नाही. पण माझ्याशेजारी बसू नकोस."